मागच्या ब्रेकचा नट आवळून भागत नाही

मैत्रिणींनो, डब्यातलं पीठ सरत आलं की आपण दळण काढून ठेवतो. गॅसची शेगडी पिवळी जळायला लागली की बर्नर घासायला घेतो. पण रोज जिच्यावर मुलांना शाळेत सोडतो, भाजी आणतो, त्या स्कूटरच्या ब्रेककडे आपण कधी वाकून बघतो का? खरं सांगा हं!

मीही बघत नव्हते. मागचा ब्रेक सैल झाला की आमचे हे पाना घेऊन मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे आवळून द्यायचे. ब्रेक पुन्हा घट्ट लागायचा, मी खूश! वर्षभरात असं तीन-चारदा झालं. मग पावसाळ्यात नेकनूरला नात्यातल्या बारशाला गेले, मागे धाकटी बसलेली. परतताना मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येऊ लागले, तर वळणावर डावा ब्रेक थेट मुठीला टेकला आणि मागून करकर आवाज. पुढचा ब्रेक हलके हलके दाबत गाडी कशीबशी कडेला घेतली. हातपाय लटपटत होते. धाकटी मात्र विचारते, "आई, थांबलीस का?" काय सांगणार तिला!

दुसऱ्या दिवशी चाक उघडलं तेव्हा उलगडा झाला. मागच्या चाकात ड्रम असतो आणि आत अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू. त्यांच्यावर जो घासणारा थर असतो, त्याला बाजारात लायनर म्हणतात. थर झिजला की ब्रेक सैल होतो. नट आवळला की शू ड्रमच्या जवळ येतात, पण झिजलेला थर काही परत येत नाही. म्हणजे दर वेळी आम्ही दुखणं झाकत होतो!

लायनर किती उरलं हे चाक न उघडताही कळतं, बरं का. बऱ्याच स्कूटरींना मागच्या चाकाशी, ब्रेकची तार जिथे जोडलेली असते तिथे, एक छोटा बाण असतो. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. बाण शेजारच्या खुणेशी भिडला, तर लायनर संपलं. मग नट आवळू नका, शू बदला.

घरी बदलायचे तर दोघं जण हवेत. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर चटका ठरलेला. बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरींत आधी सायलेन्सर काढावा लागतो, मग मधला मोठा नट, मग चाक बाहेर येतं. काढलेले नट-बोल्ट ताटलीत क्रमाने मांडून ठेवा. आतली काळी धूळ फुंकू नका, ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने टिपून घ्या. जुने शू कसे बसले होते, स्प्रिंगा कुठे अडकवल्या होत्या, हे नीट पाहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तमच. नवे शू आपल्याच गाडीच्या मॉडेलचे घ्या. लायनरला किंवा ड्रमला तेलाचा, ग्रीसचा हात अजिबात लागू देऊ नका. मधला नट मात्र पुरुषभर जोराने आणि मापाने आवळावा लागतो. तेवढ्यापुरतं मेकॅनिककडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. शेवटी ब्रेकचा नट असा बसवा की ब्रेक सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.

आता पुढच्या चाकाला डिस्क असेल तर त्याचं वेगळं दुखणं. हँडलवरच्या छोट्या डबीत ब्रेक ऑइल असतं. नाव ऑइल, पण इंजिनचं तेल त्यात चुकूनही घालू नका, आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतो. पावसाळ्यात मीठ कसं पाझरतं? तसंच हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 3 प्रकारचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ते 140 च्या आसपासही उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबून डिस्क तापली की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग लिव्हर नुसताच पोकळ दबतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, आणि डबीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय की डॉट 4, ते वाचूनच आणावं. उघडून पडलेली जुनी बाटली वापरू नये.

बदलताना खाली चाकाशी असलेल्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा. एकीने लिव्हर दाबून धरायचा, दुसरीने निपल किंचित सैल करून लगेच आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, वरून भरत राहा. नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं ऑइल आलं की काम झालं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला नाही, तर गाडी बाहेर काढूच नका, मेकॅनिकला दाखवा.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस बंधनकारक झाला. अशा अनेक स्कूटरींत डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सोय चांगली, पण त्यामुळे मागचं लायनर संपलेलं उशिरा ध्यानात येतं, हे विसरू नका.

आणि घाट उतरताना ब्रेक सारखा धरून ठेवू नका. वळणाआधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक मिळून वापरा.

येत्या रविवारी चहा झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि तो बाण बघा. आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटीच ब्रेक दाबून धरते, आणि मी खाली बघते.