जुन्या गाडीचा जमाखर्च

उमरेडहून इतवारीत जाऊन परतायचे म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. दारातील जुन्या डिझेल गाडीचे इंजिन काढून घरीच विजेची मोटार बसवावी, हा विचार व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. लहान गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर धावते. म्हणजे अवघ्या पंधरा-सोळा युनिटांत फेरी. जमेची बाजू भक्कम दिसते.

परंतु नावेची बाजूही मांडावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगता बदल करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेला संच अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो आणि आरटीओच्या नोंदीत इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. अन्यथा अपघातानंतर विम्याचा दावा अडतो आणि भरपाई घरच्या भांडवलातून जाते. शिवाय अशा बॅटरीचा उच्च दाबाचा प्रवाह जिवावर बेतू शकतो.

जुनी वस्तू टाकून न देता वापरात ठेवणे हा सद्विचारच आहे. मात्र त्यासाठी प्रथम आरटीओची पायरी चढावी, मग कारागिराची.