गोठा आणि दावण : कुंपण बैलाचे, जनावर घोड्याचे



खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाड्याची शर्यत म्हटली की घाटात बैलांच्या पुढे घोडी हवीच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. घाट पुन्हा भरू लागले. पण घोडी घाटात पळते ती काही क्षण; बाकीचे दिवस ती आपल्या रानात असते. तिला खरा धोका घाटात कमी आणि बांधावर जास्त आहे.

निघोजे शिवाराकडे पाहा. चाकणची औद्योगिक वसाहत आली, जमिनीचे तुकडे पडले आणि जिकडेतिकडे काटेरी तार आली. कुठे खांब वाकलेला, कुठे तार लोंबते, कुठे तुटलेले टोक गवतात लपलेले. कुंपणच शेत खाते अशी म्हण आहे. इथे कुंपण घोडीच खाते.

ही तार मुळात घोड्यासाठी नाहीच. अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली तिचे पेटंट घेतले ते गुरे अडवण्यासाठी. बैलाचे कातडे जाड, स्वभाव थंड. काटा टोचला की तो बहुधा मागे सरतो. घोड्याचे तसे नाही. तो बुजरा. भोंगा वाजला, कुत्रे अंगावर आले की आधी पळतो, मग पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळासमोरचे अगदी जवळचे त्याला दिसत नाही आणि धावताना बारीक तार तर नजरेतच येत नाही. पाय अडकला की तो जिवाच्या आकांताने ओढतो. गुडघ्याखाली त्याच्या पायाला मांस नसते; कातडी, शिरा आणि हाड एवढेच. म्हणून तिथली जखम खोल जाते, भरायला वेळ लागतो आणि कधी घोडी जन्माची लंगडी होते.

सगळे कुंपण बदलायला पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. पण पुढची कामे घरच्या घरी होतात.

काटेरी तारेच्या आत चार-पाच फुटांवर बांबूच्या आडव्या काठ्यांचे दुसरे कुंपण करावे. उंची साधारण साडेचार फूट ठेवावी. तेवढे जमत नसेल तर खताच्या पांढऱ्या गोण्यांच्या पट्ट्या तारेला दर दोन पावलांवर घट्ट बांधाव्यात, म्हणजे तार लांबून दिसते. रानडुकरांसाठी आपण जुन्या साड्या लावतो. त्या सैल लोंबत ठेवू नयेत, पाय गुंततो.

नव्या रानात घोडी सोडण्याआधी दिवसाउजेडी तिला हाती धरून कुंपणाच्या कडेने पुरती फेरी मारावी. मोकळी सोडताना मोहरकी काढावी, ती खांबाला अडकते. चारा-पाणी कुंपणालगत न ठेवता मधोमध ठेवावे. दोन अनोळखी घोडी एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवू नयेत. भांडताना लाथ तारेतच जाते. आणि अगाडी-पिछाडी तारेच्या खांबाला कधीही बांधू नये.

हिरवे कुंपणही पारखून घ्यावे. कण्हेर घोड्याला विषारी आहे, थोडी पानेही जीव घेतात. छाटलेल्या, वाळलेल्या पानांतही विष असते. शेराचा चीक डोळ्यांत गेला की डोळा जाऊ शकतो. घायपाताची टोके छाटून टाकावीत. झटका यंत्र लावायचे तर तयार, खात्रीचेच घ्यावे. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे. त्यात जनावर मरते आणि माणूसही.

तरीही घोडी अडकलीच, तर आरडाओरडा करू नये. ओळखीच्या एकाच माणसाने खांद्याच्या बाजूने जवळ जावे, हळू बोलावे, डोळ्यांवर फडके टाकावे. दुसऱ्याने पक्कडीने तार कापावी. कापताना तार हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती उसळून तोंडावर येते. पाय ओढून काढू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. ते थांबल्यावर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दोन सपाट लहान चमचे मीठ घालून जखम धुवावी. चुना, शेण, राख, डिझेल काहीही भरू नये. जखम सांध्याजवळ असेल किंवा तिच्यातून पिवळसर चिकट पाणी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १९६२ या क्रमांकावर फोन करावा किंवा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना त्याचे इंजेक्शन विचारावे, आणि दरवर्षीची लस चुकवू नये.

आता थोडे व्यवहाराचे. शहरातली मंडळी महिन्याच्या पैशावर आपली घोडी शेतकऱ्याच्या रानात ठेवू लागली आहेत. घरच्या बाईमाणसाला चार पैसे मिळतात, चांगलेच आहे. पण कुंपण कोणी दुरुस्त करायचे, डॉक्टरचा खर्च कोणाचा, मालक गावी नसताना इलाज ठरवायचा कोणी, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. जखमी जनावर समोर उभे असताना हा वाद काढणे दोघांनाही महागात पडते. शेजाऱ्याची तार आपल्या बाजूला लोंबत असेल तर भांडायला जाऊ नये. खांब त्याचा, मजुरी आपली, असे ठरवून एका सकाळी काम उरकावे.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, घरातल्या पोरांना बरोबर घेऊन बांधावरून चालत जावे. हातात पक्कड आणि पोते असावे. सापडेल ते तारेचे तुटके टोक पोत्यात टाकावे. त्या पोत्यात जेवढी तार जाईल, तेवढा घोडीच्या पायांचा धोका कमी झाला असे समजावे.