एव्हरेटचा धडा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील सिएटलच्या उत्तरेस एव्हरेट नावाचे शहर आहे. तेथील बोइंग कंपनीचा विमान कारखाना आकारमानाने जगातील सर्वांत मोठी इमारत म्हणून ओळखला जातो. एकाच छपराखाली सुमारे ९८ एकर जमीन आणि १ कोटी ३३ लाख घनमीटर अवकाश! शेकडो प्रवाशांना घेऊन महासागर ओलांडणारी विमाने येथे आकार घेतात आणि सुमारे २५ मीटर उंचीच्या दारांतून बाहेर पडतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी कामगार सायकली वापरतात. हे दृश्य पाहून दिपून न जाणारा माणूस विरळाच. परंतु या वास्तूचा गेल्या सहा दशकांचा इतिहास नुसते डोळे विस्फारायला लावणारा नाही, तो अंतर्मुख करणारा आहे.

या कारखान्याचा जन्मच एका अचाट धाडसातून झाला. १९६६ च्या एप्रिलमध्ये पॅन अॅम या विमानसेवेने बोइंगकडे २५ महाकाय विमानांची मागणी नोंदवली. असे विमान तोवर कोणी बांधलेले नव्हते, आणि ते बांधता येईल एवढी जागाही कंपनीपाशी नव्हती. तेव्हा एव्हरेटमधील वनजमीन सपाट करून एकीकडे कारखाना आणि दुसरीकडे विमान अशी दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली. विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती उभी राहिली, तेव्हा तिच्यावरचे छप्परही पुरे झालेले नव्हते. जो सटर या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली हजारो माणसे झटत होती. ३० सप्टेंबर १९६८ रोजी पहिले '७४७' विमान कारखान्याबाहेर आले आणि ९ फेब्रुवारी १९६९ रोजी ते आकाशात झेपावले. एअर इंडियाचे पहिले जम्बो जेट 'सम्राट अशोक' १९७१ साली मुंबईत उतरले, तेही याच कारखान्यातून बाहेर पडलेले होते.

या साहसाची किंमतही मोठी होती. कर्जाच्या ओझ्याने कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली. सिएटल परिसरातील तिच्या कामगारांची संख्या एक लाखावरून १९७१ साली चाळीस हजारांच्याही खाली घसरली. तरीही कंपनी तरली. ३१ जानेवारी २०२३ रोजी शेवटचे '७४७' ग्राहकाच्या हवाली झाले तेव्हा या जातीच्या विमानांची संख्या १५७४ झाली होती. त्या निरोप समारंभाला निवृत्त कामगार मोठ्या संख्येने जमले, यातच त्या यशाचे रहस्य आहे. सुमारे साठ लाख सुटे भाग जोडून एक जम्बो तयार होत असे, आणि त्यांतील निम्मे केवळ एकमेकांना जोडणारे बोल्ट व रिव्हेट. त्यांतला प्रत्येक नीट बसला आहे की नाही, हे सांगणारा डोळा छपराच्या उंचीने येत नाही. तो जुन्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे उभे राहून नव्या कारागिराला मिळतो. एव्हरेटची खरी पुंजी हीच होती.

मग ही पुंजी घटली कशी? १९९७ साली बोइंगमध्ये मॅक्डॉनेल डग्लस ही कंपनी विलीन झाली. त्यानंतर कारभारात अभियंत्यांच्या मतापेक्षा हिशेबनिसांचा शब्द वरचढ ठरू लागला, असे तेथील अनेक जाणकार सांगत आले आहेत. २००१ साली कंपनीने आपले मुख्यालय सिएटलहून शिकागोला हलवले. जेथे विमाने बनतात तेथून सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर अंतरावर बसून निर्णय होऊ लागले. त्याच वर्षी कंपनीतीलच एका अभियंत्याने, महत्त्वाची कामे बाहेर सोपवल्यास नफाही बाहेर जाईल आणि कौशल्यही, असा लेखी इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले.

त्याचे फळ '७८७' विमानाच्या वेळी हाती आले. या विमानाचे पंख जपानमधून, कायेचे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतील अन्य कारखान्यांतून यायचे आणि एव्हरेटमध्ये केवळ जुळणी व्हायची, अशी योजना होती. ८ जुलै २००७ रोजी मोठ्या थाटात विमानाचे अनावरण झाले. बाहेरून ते देखणे होते. आतून मात्र जवळजवळ रिकामे होते आणि अनेक ठिकाणी तात्पुरते बोल्ट लावून उभे केलेले होते. ते प्रत्यक्ष उडाले डिसेंबर २००९ मध्ये आणि पहिल्या ग्राहकाला मिळाले सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे नियोजित मुदतीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. देऊळ भव्य, पण गाभारा रिकामा, अशी ती अवस्था होती. २०२१ साली '७८७' ची जुळणीही एव्हरेटहून दक्षिण कॅरोलिनात गेली.

पुढचा घाव याहून जिव्हारी लागणारा होता. '७३७ मॅक्स' जातीची दोन विमाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात कोसळली. ३४६ माणसे प्राणास मुकली. एकाच संवेदकाच्या चुकीच्या नोंदीवरून विमानाचे नाक खाली दाबणारी यंत्रणा त्यात बसवलेली होती आणि वैमानिकांना तिची धड माहितीही दिलेली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जातीच्या एका विमानाच्या बाजूचा दाराएवढा भाग उड्डाणात निखळला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच पुन्हा बसवले गेले नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. ही विमाने सिएटलजवळच्याच रेंटनमध्ये बनलेली, एव्हरेटमधली नव्हेत. पण घर तेच, घरात शिरलेली वाळवीही तीच. एव्हरेटमधील '७७७ एक्स' हे नवे विमान जानेवारी २०२० मध्ये उडाले, मात्र २०२५ संपेपर्यंत एकाही ग्राहकाच्या हाती पडले नव्हते. २०२४ च्या सप्टेंबरपासून सुमारे ३३ हजार कामगारांनी सात आठवड्यांहून अधिक काळ संप केला. कारागीर आणि कारभारी यांच्यात किती दुरावा आला होता, हे त्यातून जगाला दिसले. त्याआधी ऑगस्टमध्ये सूत्रे हाती घेतलेल्या केली ऑर्टबर्ग यांनी सिएटलमध्ये, कारखान्यांच्या जवळ राहण्याचे ठरवले. दुखणे कोठे आहे याची ती उशिरा का होईना, मिळालेली कबुलीच होय.

भारताच्या दृष्टीने ही परक्या घरची कहाणी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली. त्यांतील २२० बोइंगची आणि त्यांपैकी दहा '७७७ एक्स', म्हणजे एव्हरेटचीच. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र आहे. दुरुस्ती येथे होते, निर्मिती मात्र परक्या भूमीवर. वास्तविक या देशात हे स्वप्न जुने आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरूत विमान कारखाना काढला, तेव्हा देश पारतंत्र्यात होता. १९६१ साली कानपूरला जुळणी केलेले अॅव्रो ७४८ हे विमान आकाशात झेपावले. ही विमाने पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही दाखल झाली. पण ती मालिका संपली आणि तिच्याबरोबर प्रवासी विमान बांधण्याचा तो अनुभवही विखुरला.

आज मोठ्या खरेदीच्या बदल्यात कारखाने येथे यावेत, असा आग्रह धरला जातो. तो रास्तच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदरा येथे सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जुळणी कारखान्याचे उद्घाटन झाले, ही शुभ सुरुवात आहे. मात्र भूमिपूजन, कोनशिला आणि छपराची लांबी यांवरच समाधान मानले, तर २००७ सालच्या त्या पोकळ विमानासारखी गत होईल. आराखडा करणारा अभियंता, रिव्हेट ठोकणारा कारागीर आणि 'हे विमान आज बाहेर जाणार नाही' असे वरिष्ठांना ठणकावून सांगणारा तपासनीस, या तिघांची परंपरा घडवायला किमान एक पिढी जावी लागते. ती पिढी आज आयटीआयच्या कार्यशाळांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत बसलेली आहे. तिच्या हातांना काम आणि त्या कामाला समाजात मान मिळणार आहे काय? मुलाने कारखान्यात हात काळे करण्यापेक्षा थंड कचेरीत बसावे, असे वाटणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित घराने या प्रश्नाचे उत्तर स्वतःपाशी शोधले पाहिजे. एव्हरेटने छप्पर राखले आणि हातांची कदर गमावली. भारताला आरंभ हातांपासून करायचा आहे.