हॉकीची मैदाने आणि जडसंग्रह नोंदवही

जुन्या वस्त्यांमधील हॉकीच्या मैदानांविषयी बोलू लागले की ऐकणारा सहानुभूतीने हसतो. उतारवयातील हळहळ, असे त्याला वाटते. हळहळ आहे, हे मी नाकारत नाही. मात्र ज्या गोष्टीविषयी ती वाटते, ती नुसती मोकळी जागा नव्हती. अल्प खर्चात आणि बऱ्यापैकी चोख चालणारी ती एक सार्वजनिक व्यवस्था होती. म्हणूनच तिचा विचार प्रशासनाच्या अंगाने व्हावा, असे मला वाटते.

सेवेच्या निमित्ताने माझी बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेर, मध्य आणि पूर्व भारतातील जिल्ह्यांत गेली. रेल्वेची वसाहत, लष्करी छावणी, पोलीस लाइन किंवा मिशनची शाळा, यांपैकी काहीही गावात असले तरी तेथे हॉकीचे मैदान हमखास आढळे. मैदान म्हणजे काय, तर रोलरने दाबलेली मुरमाड जमीन, पावसाळ्यानंतरचे तुरळक गवत, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा आणि दोन टोकांना लाकडी गोल. कुंपण बहुधा नसेच. सायंकाळी पाचला खेळ सुरू होई आणि चेंडू दिसेनासा झाला की थांबे.

साहित्यही त्या व्यवस्थेला साजेसे होते. स्टिक तुतीच्या लाकडाची, जालंधरहून किंवा मेरठहून आलेली. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि हा व्यवसाय तेथे रुजला. तुतीचे लाकूड चिवट आणि वाकवता येण्याजोगे. मुठीत वेत आणि रबराच्या पट्ट्या बसवलेल्या असत, त्यामुळे फटक्याचा हादरा मनगटाला कमी बसे. इंग्रजी स्टिकचा पंजा लांब असे. आपल्याकडे तो आखूड झाला आणि चेंडू क्षणात उजवीकडून डावीकडे फिरवणे शक्य झाले. ज्याला भारतीय शैली म्हणून जगाने नावाजले, तिचा एक उगम कारागिराच्या पटाशीत आहे. चेंडू चामड्याचा, शिवणीचा, पांढरा रंग दिलेला. गोलरक्षकाचे पॅड अनेक हंगाम ठिगळे लावून वापरलेले असत. स्टिकला तडा गेला तर सरस भरायचा, सुतळी आवळायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि पुन्हा खेळायला उतरायचे. पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले अशाच मोडक्या स्टिकवर खेळ शिकले, हे सर्वश्रुत आहे.

या व्यवस्थेने काय दिले, याची दोनच उदाहरणे पुरेशी आहेत. १९३३ मध्ये ध्यानचंद यांच्या झाशी हीरोज या गावच्या संघाने कलकत्त्यात बलाढ्य कलकत्ता कस्टम्सला नमवून बेटन चषक जिंकला. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल केला तो भोपाळच्या अस्लम शेर खान यांनी, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला तो झाशीच्या अशोककुमार यांनी. हे ध्यानचंद यांचेच चिरंजीव. म्हणजे देशाच्या एकमेव पुरुष विश्वविजेतेपदात भोपाळ आणि झाशी येथील मातीच्या मैदानांचा वाटा किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. १९८० चे मॉस्कोतील सुवर्णपदक वगळता पुढे दीर्घकाळ ऑलिंपिकमध्ये आपल्या हाती काही लागले नाही. २००८ मध्ये तर आपण ऑलिंपिकला पात्रही ठरलो नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय खेळ कृत्रिम मैदानावर आणि कार्बन-काचतंतूंच्या स्टिकने खेळला जातो. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेथे ४१ वर्षांनी कांस्यपदक मिळाले आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा मिळाले. ही किमया मुरमाच्या मैदानांनी केली नाही. हे सर्व मान्य आहे. कृत्रिम मैदाने नकोत असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. माझा प्रश्न वेगळा आहे. वरची पायरी बांधताना खालची पायरी आपण का काढून घेतली?

याचे उत्तर आपल्या कामकाजाच्या पद्धतीत आहे. क्रीडांगण बांधणे हा भांडवली खर्च. त्याला प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कोनशिला बसते. मैदानावर रोलर फिरवणाऱ्या माणसाचा पगार हा आवर्ती खर्च, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. पाण्यावर चालणाऱ्या कृत्रिम मैदानाला प्रत्येक सामन्यापूर्वी पाणी मारावे लागते आणि काही वर्षांनी ते बदलावे लागते. एवढी किमती वस्तू खराब होऊ नये म्हणून तिला कुंपण येते, कुंपणाला फाटक येते आणि फाटकाला कुलूप. उपयोगिता प्रमाणपत्र पैसा खर्च झाल्याचे असते. मैदान वापरले गेल्याचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

स्टिकचेही तेच. एका जिल्ह्यात तपासणीच्या वेळी मी एका शाळेतील क्रीडासाहित्याचे कपाट उघडायला लावले. आत नव्याकोऱ्या स्टिक मूळ वेष्टनासह रचून ठेवल्या होत्या. आपल्याकडे जिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात, तिच्यात त्यांची नोंद होती. मुलांना का दिल्या नाहीत, असे विचारता शिक्षक म्हणाले, “साहेब, मोडल्या तर निर्लेखनाचा प्रस्ताव कोण मंजूर करणार? वसुली माझ्याच पगारातून होईल.” हे गृहस्थ कामचुकार नव्हते. व्यवस्थेने त्यांना जे शिकवले होते, तेच ते करत होते. वास्तविक केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्येही स्थिर मालमत्ता आणि उपभोग्य वस्तू यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवण्याची तरतूद आहे. खेळातील स्टिक मोडायचीच. ती खडूसारखी वापरून संपण्याची वस्तू आहे, खुर्चीसारखी सांभाळण्याची नव्हे.

जेथे खालची पायरी शाबूत राहिली, तेथे काय घडते हेही पाहावे. ओडिशातील सुंदरगढ आणि झारखंडातील सिमडेगा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आजही गावोगावी स्पर्धा होतात आणि विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. मुले बांबूच्या किंवा झाडाच्या फांदीच्या स्टिकने खेळू लागतात. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास सुंदरगढचे, सलीमा टेटे सिमडेगाच्या. राउरकेल्यात २०२३ मध्ये वीस हजारांहून अधिक आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले, ते याच सुंदरगढ जिल्ह्यात. त्या भव्य वास्तूचा पाया गावच्या माळरानांत आहे.

क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत क्रीडांगणे नागरी संस्थांच्या कार्यांत गणली आहेत. त्यामुळे नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक कृत्रिम मैदानाच्या प्रस्तावासोबत परिसरातील काही साध्या मैदानांच्या देखभालीचा आवर्ती खर्च मंजूर व्हावा. दुसरी, सार्वजनिक मैदानाच्या फाटकावर ते वस्तीतील मुलांना विनामूल्य खुले असण्याच्या वेळा लिहिलेल्या असाव्यात आणि किल्ली कोणाकडे आहे, तेही लिहिलेले असावे. तिसरी, स्टिक आणि चेंडू उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत जावेत.

आणि तपासणी अधिकाऱ्यांना एक विनंती. किती स्टिक शिल्लक आहेत, हे आपण विचारतोच. गेल्या वर्षभरात किती मोडल्या, हेही विचारावे. उत्तर “एकही नाही” असे आले, तर त्या शाळेत हॉकी खेळली जात नाही, असा शेरा खुशाल मारावा.