मोहिमेआधी तयारी हवीच



चौथीच्या इतिहासात आपण पावनखिंडीचा धडा वाचला. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज भर पावसात रात्री पन्हाळगडावरून निघाले आणि विशाळगडाला गेले. आता दर पावसाळ्यात पुष्कळ लोक त्या वाटेने चालत पावनखिंडीपर्यंत जातात. त्याला मोहीम म्हणतात. माझे मत असे आहे की तयारी केल्याशिवाय कोणीही मोहिमेला जाऊ नये.

गेल्या वर्षी माझा दादा आणि त्याचे तीन मित्र गेले. आदल्या रात्री ठरवले आणि दुसऱ्या दिवशी जेवून दुपारी पन्हाळ्याहून निघाले. दादाने नवे बूट घातले होते. बॅटरी घेतली नाही. मसाई पठारावर एवढं धुकं आलं की पुढचा माणूस दिसेना. पठार सपाट आहे, सगळीकडे सारखेच दिसते. ते वाट चुकले. अंधार पडला. शेवटी एका वाडीतल्या मामांनी त्यांना घरी नेले, चुलीपाशी बसवले आणि भाकरी दिली. इकडे आई रात्रभर दारात बसून होती. मीपण जागीच होते. दादाच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या, पायाला जळवा लागल्या होत्या.

दादा म्हणतो, "मावळ्यांच्या पायात कुठं बूट होते?" मी म्हटलं, "मावळे रोज डोंगर चढायचे. तू तर शाळेला एस.टी.ने जातोस!" तेव्हा आजी हसली.

आणि महाराजांनी काय नुसतीच धाव घेतली? पालख्या दोन होत्या. एका पालखीत शिवा काशीद बसले. विशाळगडावर पोचल्यावर तोफ उडवायची खूण आधीच ठरली होती. त्या तोफेसाठी बाजीप्रभूंनी खिंड लढवली. म्हणजे धाडस होते, पण त्याच्या आधी आखणीही होती.

मी वहीत गणित मांडले. पन्हाळ्याहून पावनखिंड पायवाटेने सुमारे ५० किलोमीटर आहे. चिखलात तासाला ३ किलोमीटर धरले तर भागाकार १६ येतो आणि बाकी २ उरते. म्हणजे १६ तासांहून जास्त नुसते चालायचे. जुलैत उजेड सुमारे १३ तास असतो. मग एका दिवसात होईल कसे? दोन दिवस धरायचे आणि मुक्काम कुठल्या वाडीत ते आधी विचारून ठेवायचे.

दादाला मी यादी करून दिली आहे. महिनाभर आधी दर रविवारी डोंगर चढायचा. बूट जुने, पायाला बसलेले घ्यायचे. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे. बॅटरी, काठी, जळवांसाठी मीठ, भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे घ्यायचे. ओझे कमी ठेवायचे. वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा. पहाटे निघायचे. धुके आले तर एकमेकांना सोडायचे नाही. ओढ्याला जोर असेल तर थांबायचे, नाहीतर मागे फिरायचे. मागे फिरण्यात लाज नाही.

मलाही जायचे आहे. पण बाबा म्हणाले, "तू लहान आहेस." मला आधी खूप राग आला. मग माझेच गणित पाहिले आणि पटले. यंदा मी बाबांबरोबर फक्त मसाई पठारापर्यंत जाणार आणि परत येणार. आजी म्हणते, "डोंगर काय कुठं पळून जातोय व्हय?"

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांनी मोहिमेला जाऊ का विचारले तर लगेच नाही म्हणू नका. "तयारी काय केलीस?" असे विचारा. उत्तर नीट आले तर जाऊ द्या. नाही आले तर घरीच बसवा, मग तो आमचा दादा का असेना!

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी