बांबोळीचा खर्च कोणाच्या खाती?

सिंधुदुर्गातील पिंगुळी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली. परंतु याच गावातील एखाद्याचे दुखणे हाताबाहेर गेले, की ‘तेका बांबोळीक व्हरा’ एवढेच सांगितले जाते, आणि रुग्णवाहिका महामार्गाने राज्याच्या हद्दीपलीकडे धावू लागते.

बांबोळी म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. पोर्तुगीज अमदानीत, १८४२ साली, ज्या वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली, त्याचाच वारसा सांगणाऱ्या या संस्थेच्या दारी सिंधुदुर्गातील रयत वर्षानुवर्षे निःशुल्क उपचार घेत आली, आणि मुंबईच्या दप्तरांनी तो शिरस्ता निमूटपणे चालू दिला. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा इकडे संताप उसळला. त्या संतापाचा रोख चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याच्या रयतेचा औषधोपचार आपल्या तिजोरीतून कुठवर चालवावा, हा गोव्याचा प्रश्न वाजवीच होता. फक्त तो मंत्रालयास विचारावयाचा, तो शिधापत्रिका, आधारपत्र आणि क्ष-किरणांची छायाचित्रे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पैशाच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या नातेवाइकास विचारला गेला.

रेल्वेगाडीतून पडून डोक्यास इजा झालेल्या एका मजुरास कलकत्त्याच्या सरकारी इस्पितळांनी एकामागून एक परत पाठविले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निक्षून सांगितले, की पैशाची अडचण पुढे करून राज्यास तातडीचे उपचार पुरविण्याच्या कर्तव्यातून सुटता येणार नाही. मग महाराष्ट्राचे कर्तव्य गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीच्या नाक्यावर कसे संपते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे येथे बोट दाखविले जाते. तिची उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला, हे खरेच. तथापि ती योजना ठरीव उपचारांच्या यादीवर चालते, आणि यादीत न बसणारा आजार, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचा राहण्याजेवणाचा खर्च, हे सारे घरच्यांच्याच माथी राहते. सिंधुदुर्गातच ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आनंद आहे, पण इमारतीवर पाटी लागली, म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करणारा सर्जन दुसऱ्या दिवशी हजर होत नसतो!

तोवर काय करावे? दोडामार्गातील तिळारी धरणाचा खर्च महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये करारानुसार वाटून घेतात. पाण्याचा हिशेब ज्यांना दोन सरकारांत मिटविता येतो, त्यांना आजाऱ्याचा हिशेबही मिटविता आला पाहिजे: बांबोळीने आमच्या रुग्णांच्या खर्चाचे देयक मुंबईस धाडावे, आणि महाराष्ट्राने अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करून ते चुकते करावे. सिंधुदुर्गाच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी लेखी मांडावी, आणि मतदारांनी तिचे काय झाले ते त्यांना विचारावे.