छोट्या सर्व्हरला जँगो जड नाही

घरगुती सर्व्हरसाठी वेब फ्रेमवर्कपैकी फ्लास्कच घ्यावे, जँगो त्याला झेपत नाही, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. जँगो अधिक मेमरी घेते, यात वाद नाही. तरीही ५१२ एमबीच्या रास्पबेरी पाय झीरोवर त्याचे एक-दोन वर्कर चालू शकतात. ओझे पुष्कळदा वाढते ते शेजारी चालवलेल्या स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरमुळे. एसक्यूलाइटला असा सर्व्हर लागत नाही. सारा डेटा एका फाइलीत राहतो आणि मोजक्या वापरकर्त्यांना तेवढे पुरते.

खरा प्रश्न देखभालीचा आहे, आणि पत्रात नेमका तोच राहून गेला. २०१० साली आलेले फ्लास्क मुद्दाम आटोपशीर ठेवलेले आहे. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसच्या रचनेतील बदल यांसाठी निरनिराळी एक्स्टेन्शन जोडावी लागतात आणि प्रत्येकाच्या अद्ययावतीकरणावर लक्ष ठेवावे लागते. कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडून २००५ मध्ये खुले झालेले जँगो हे सारे सोबत आणते (वर व्यवस्थापनाची तयार पानेही). त्याच्या दीर्घकालीन आवृत्तीला सुमारे ३ वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. सर्व्हर सांभाळणारा माणूस एकटाच असेल, तर मेमरीपेक्षा ही सोय मोलाची.

नुसते लेख प्रसिद्ध करायचे असतील, तर दोन्ही नकोत. ह्यूगोने तयार केलेली पाने एनजिनएक्सवर ठेवावीत. एखाद्या छोट्या कामापुरते फ्लास्क ठीक, पण लॉगिन आणि नोंदी आल्या की जँगोच घ्यावे.